सावंतांचा चिमटा आणि मी वाचवलेली फेरी

पेटंट एजंट म्हणजे काय, हे मला माझ्या सख्ख्या मावशीला शेवटपर्यंत समजावून सांगता आलं नाही. ती चारचौघांत सांगायची, "आमची कुमुद पेटंट औषधं विकते." मग त्या चारचौघांतलं कोणीतरी मला बाजूला घेऊन सर्दीवर काही आहे का म्हणून विचारायचं. सुरुवातीला मी समजावत बसे. पुढे पुढे आलं-लिंबू घ्या म्हणून सांगायला लागले. विचारणारे खूश, मावशी खूश.

त्यात भर म्हणजे माझं ऑफिस घाटकोपर पूर्वेला एका डॉक्टरच्या दवाखान्याच्या बरोबर वर होतं. खाली गर्दी झाली की पेशंट वर येऊन माझ्या बाकावर बसायचे. "कर्णिकबाई, पेटंट एजंट" ही पाटी वाचून बरेच जण आशेने आत डोकवायचे. एका आजोबांनी तर जीभ बाहेर काढून दाखवली होती. मी एम.एस्सी. झालेली, एजंटची सरकारी परीक्षा पास झालेली, लग्न न केलेली बाई. त्या काळात यातलं कुठलं कारण लोकांना जास्त विचित्र वाटायचं, सांगता येत नाही.

तर धंदा असा. एखाद्याने नवीन वस्तू किंवा युक्ती शोधून काढली, की तो सरकारला सांगतो, ही माझी. सरकार म्हणतं, ठीक आहे, पण ती कशी केलीस ते सगळं लिहून दे, हातचं काही राखू नकोस. त्या बदल्यात चौदा वर्षं आम्ही ती दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. हा सौदा कागदावर मांडणं हे माझं काम. त्यातला महत्त्वाचा भाग एकाच वाक्यात लिहावा लागतो, आणि ते वाक्य कधी कधी दीड पान चालतं. अशी वाक्यं लिहून लिहून माझ्या बोलण्याची वाट लागली. भाजीवाल्याशीसुद्धा मी "ज्यामध्ये" आणि "असे की" करून बोलते, असं माझी बहीण म्हणते.

या सगळ्यात एक अट मोठी. अर्ज दाखल होतो त्या दिवसाआधी ती वस्तू लोकांत वापरली गेलेली नसावी. एक दिवस आधी जरी लोकांच्या हातात गेली, तरी ती नवी उरत नाही. मग तुम्ही कितीही हुशार असा, वस्तू सगळ्यांची. म्हणून पेटंटच्या धंद्यात अक्कल दोन नंबरला, तारीख एक नंबरला.

ट्रेडमार्कचं याच्या अगदी उलट. मालावरचं नाव जितकं आधीपासून आणि जितक्या लोकांत वापरलेलं, तितका तुमचा हक्क पक्का. मुलुंडचे एक चिवडेवाले माझ्याकडे "खमंग" हे नाव नोंदवायला आले होते. मी म्हटलं, अहो, हे नाव मिळणार नाही, कुठलाही चिवडा खमंगच असतो. ते उसळून म्हणाले, "दुसऱ्यांचा नसतो, म्हणून तर आलोय ना!" तासभर वाद घातला. शेवटी त्यांनी चिवड्याला सासूचं नाव दिलं. ते बिनबोभाट नोंदलं गेलं.

आणि बोरिवलीचे एक रिटायर गृहस्थ होते. त्यांनी तेल नाही, वीज नाही, आपोआप कायम फिरणारं चाक केलं होतं. टॅक्सी करून ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. दर दीड मिनिटाने ते थांबायचं आणि हे बोटाने हळूच ढकलायचे. "तेवढं एक बघतोय अजून," म्हणायचे. मी सांगितलं, सृष्टीच्या नियमांविरुद्ध असलेल्या वस्तूला कायद्याने पेटंट देता येत नाही. ते वही काढून म्हणाले, "हे नियम कोणाकडे असतात? मला पत्ता द्या, मी बोलतो." मी त्यांना चहा दिला. चाक त्यांनी जाताना तिथेच ठेवलं, कारण परतीच्या टॅक्सीला ते तयार नव्हते. बरीच वर्षं मी त्यावर छत्र्या अडकवल्या.

ही गमतीची माणसं आठवायला बरी वाटतात. पण हे लिहायला बसले ते सावंतांसाठी. ती गोष्ट गमतीची नाही. म्हणजे मधे मधे आहे, त्याला माझा इलाज नाही.

सावंत परळच्या एका गिरणीत फिटर होते. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. घाटकोपर पश्चिमेला भटवाडीतल्या चाळीत दीडखणी खोली, बायको सुलोचना, आणि हातात अठरा वर्षांची कारागिरी. पण हात चालवायला मशीन नाही. दिवसभर घरात बसलेला फिटर म्हणजे घराला ताप. त्यांनी आधी सगळ्या कड्या-कोयंड्यांना तेल घातलं. मग शेजाऱ्यांच्या घातलं. मग त्यांचं लक्ष बायकोच्या रॉकेलच्या स्टोव्हकडे गेलं.

आता घरोघरी गॅस आहे, म्हणून सांगते. वातीच्या स्टोव्हला गोलात आठ-दहा नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत एक वात. वाती जळून कमीजास्त होतात, मग एकेक वात पिनेने किंवा नखाने वर ओढून सारखी करायची. एक जरी वर राहिली तरी स्टोव्ह भकभकतो, भांडी काळी, भिंत काळी, बाई काळी. सावंतांनी पत्र्याचा एक चिमटा केला. त्याच्या पोटात एक छोटी पायरी होती. ती नळीच्या काठावर टेकवायची, वात धरून ओढायची. ठरलेल्या उंचीला चिमटा आपोआप अडायचा. दहाच्या दहा वाती एका मापाच्या. आंधळ्यानेसुद्धा केल्या असत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी तो रुमालात गुंडाळून आणला, दार लावून घेतलं आणि मगच उघडला. मी हातात घेऊन पाहिलं आणि खरंच सांगते, मला हेवा वाटला. इतकं साधं, आणि आधी कुणाला सुचलं नव्हतं. मी रात्रंदिवस दीड पानी वाक्यं लिहिणारी, आणि या माणसाने सगळं एका पायरीत सांगून टाकलं होतं.

"झकास आहे," मी म्हटलं.

"नुसतं झकास नको, बाई. नंबर पाहिजे," ते म्हणाले. "कुर्ल्याची एक स्टोव्ह कंपनी आहे. त्यांचा साहेब म्हणाला, पेटंटचा नंबर आण, आपण करार करू. तुलाच शेडवर सुपरवायझर ठेवतो. दोन वर्षं लोक मला विचारतात, सावंत, सध्या काय करतोस? मला एक कागद पाहिजे दाखवायला. सरकारी."

"कुणाला दाखवलाय हा?"

"छे! हिच्याशिवाय कुणाला नाय. पन्नास नग करून ठेवलेत कंपनीसाठी. डब्यात, पलंगाखाली. चाळीतल्या एकाही पुरुषाने बघितलेला नाय."

"दाखवूही नका. अर्ज जाईपर्यंत कुणालाही नाही."

"आईशपथ नाय."

वाक्य नीट वाचा. "एकाही पुरुषाने" असं ते म्हणाले होते. दीड पानी वाक्यातला स्वल्पविराम शोधणाऱ्या मला तो शब्द तेव्हा ऐकूच आला नाही.

आता माझी कामाची पद्धत सांगते. पेटंट ऑफिस लोअर परळला, मी घाटकोपरला. एक अर्ज द्यायचा म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. म्हणून मी तीन-चार अर्ज जमले की एकदमच घेऊन जात असे. सह्या घेताना तारखेची जागा मोकळी ठेवायची, जायच्या दिवशी भरायची. सगळेच एजंट असं करायचे, असं मी स्वतःला सांगत असे. ते खरंही होतं. सावंतांचे कागद टाईप झाले, आकृत्या शाईने काढून झाल्या, सह्या झाल्या. "आता पुढचं माझ्याकडे," असं मी म्हटलं आणि फाईल खणात ठेवली. अंधेरीच्या एका औषधवाल्याचा आणि भांडुपच्या एका कुलूपवाल्याचा अर्ज तयार व्हायचा होता. कुलूपवाला रोज एक बदल सुचवायचा. तीन आठवडे गेले. मग मी तिन्ही अर्ज घेऊन गेले, एका फेरीत काम झालं, पावत्या घेतल्या. येताना स्वतःवर खूश होऊन मी मसाला डोसा खाल्ला.

दोन वर्षांनी तपासणी वगैरे होऊन अर्ज मान्य झाला आणि सरकारी गॅझेटात छापून आला. छापून आल्यावर चार महिने कुणालाही विरोध करता येतो. सावंतांनी गॅझेटातलं ते पान चाळीत सगळ्यांना दाखवलं. कुर्ल्याच्या साहेबाने शेडमध्ये त्यांची टेबल-खुर्ची कुठे असेल तेही दाखवून ठेवलं. तीन महिने आणि थोडे दिवस झाल्यावर स्टोव्हचे सुटे भाग करणाऱ्या अंधेरीच्या एका कंपनीचा विरोध आला. म्हणणं एकच: ही वस्तू अर्जाच्या तारखेआधीच लोकांत वापरात होती.

सोबत पुराव्याची दोन पाकिटं. एकात चिमटा. त्याच्या टोकाला हळदीकुंकवाचं वाळलेलं बोट. दुसऱ्यात एक फोटो. चाळीच्या गॅलरीत चौदा बायका काळ्या साड्या नेसून उभ्या, डोक्यावर पदर, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक चिमटा, कॅमेऱ्याकडे रोखलेला. एखाद्या पलटणीचा फोटो असावा तसा. मागे फोटो स्टुडिओचा शिक्का आणि तारीख. अर्जाच्या चौदा दिवस आधीची.

मी सावंतांना निरोप धाडला. दोघंही आले. मी फोटो टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

"हळदीकुंकू," सुलोचनावहिनी म्हणाल्या. "संक्रांतीचं." आणि मग जरा खुशीतच, "ही बघा मी, मधली."

"आणि हातात?"

"वाण."

मी अविवाहित. हळदीकुंकवाला मला कोणी बोलवत नसे, आणि मलाही त्याचं काही वाटत नसे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींना बोलावून हळदीकुंकू लावतात आणि घरात उपयोगी पडेल अशी एखादी वस्तू वाटतात, हे मला माहीत होतं, पण ते माझ्या कामाच्या यादीत कुठे बसत नव्हतं. "प्रदर्शनात ठेवलंत का? दुकानदाराला दिलंत का? मासिकात छापलंत का?" हे मी प्रत्येकाला विचारत असे. "तुमच्या बायकोने वाण म्हणून लुटलं का?" हा प्रश्न कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हता.

"तुम्हाला सांगितलं होतं ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून?"

"मी कुठे कुणाला काय सांगितलं?" वहिनी म्हणाल्या. "नुसतं दिलं. हे तेव्हा गावाला गेलेले, भावाच्या आजारपणाला. संपापासून दोन वर्षं माझ्याकडे वाण द्यायला काय नव्हतं हो, बाई. पहिल्या वर्षी मी बोलावलंच नाही कुणाला, दार लावून बसले. त्या वर्षी सगळ्यांनी विचारलं, सुलोचना, यंदा तरी? समोरची प्लास्टिकचे डबे देत होती. माझ्या पलंगाखाली पन्नास चिमटे. नवे कोरे, चकाचक. आमच्या ह्यांनी केलेले." त्यांचा आवाज चढला. "सगळ्या म्हणाल्या, असं वाण आजपर्यंत कुणी दिलं नाही!"

दिलं, हेच तर अंधेरीच्या कंपनीचंही म्हणणं होतं. त्या चौदाजणींपैकी एकीचा भाऊ त्या कंपनीत होता. तिने तो चिमटा कौतुकाने माहेरी दाखवला होता, बस्स, एवढंच. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळी वाट चांगुलपणाने लागली होती.

"तुम्हाला माहीत होतं?" मी सावंतांना विचारलं.

"गावाहून आल्यावर कळलं. थोडा ओरडलो. पण म्हटलं बायकांनाच दिलेत ना, त्यात काय दाखवल्यासारखं?" मग त्यांनी मान वर करून विचारलं, "बाई, सह्या तर मी संक्रांतीच्या आधीच केलेल्या ना? अर्ज कधी घातला आपण?"

इथे मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. "पावतीवर तारीख आहे ना," असं मी म्हणाले. आणि त्यांनी मान डोलावली. सरकारी कामाला वेळ लागतो, यावर गिरणी कामगाराचा पूर्ण विश्वास असतो.

मी त्यांना धीर दिला. कायद्यात एक पळवाट होती. वस्तू नीट चालते की नाही हे बघण्यासाठी, अर्जाआधी वर्षभरात, चाचणी म्हणून ती लोकांत वापरली गेली असेल तर ते माफ. मी म्हटलं, वहिनींनी प्रतिज्ञापत्र द्यायचं, की हे चिमटे बायकांना चाचणीसाठी दिले होते, कसे चालतात ते विचारून परत घ्यायचे होते. वहिनी जरा घुटमळल्या. "परत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते लिहावं लागतं. इंग्रजीत टाईप केलेलं मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं, पण ते वाक्य मी भरभर वाचलं. त्यांनी सही केली. नवऱ्याचा कागद त्यात होता, त्यांनी कशावरही केली असती.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं लोअर परळला उतरलो. त्या रस्त्यावर सावंतांनी अठरा वर्षं पाळ्या केल्या होत्या. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गिरणीचं बंद गेट आलं तेव्हा ते तिकडे न बघता म्हणाले, "आज इथून वर मान करून जातोय, बाई." मी पिशवीतले कागद मोजत चालत राहिले.

अधिकारी शांत, सज्जन होते. समोरचा वकील तरुण होता आणि त्याचं मराठी चांगलं होतं, हे आमचं नशीब वाईट. त्याने आवाज चढवला नाही. प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता वहिनींना विचारलं.

"काकी, तुम्ही हे वाण म्हणून दिलंत ना?"

"हो."

"हळदीकुंकू लावून? ओटी भरून?"

"हो तर. तसंच कसं देणार?"

"आणि मग ते परत मागणार होतात?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. सावंत जमिनीकडे बघत होते.

"दिलेलं वाण परत मागतात होय?" त्या म्हणाल्या. "काय बोलता तुम्ही! सवाशिणीला दिलेलं?"

"मग चाचणी कसली?"

"चाचणी घरी झालेली ना आमच्या. सहा महिने मी वापरला. चांगला होता म्हणून तर दिला. वाईट वस्तू वाण म्हणून देईन का मी?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही ते नको असावं. पण त्यांनी ते लिहून घेतलं, आणि मी समजले. महिन्याभराने निकाल आला: अर्ज नामंजूर. चिमटा आता कुणीही करावा. अंधेरीच्या कंपनीने सहा महिन्यांत केलाही, आणि कुर्ल्याच्या साहेबानेही केला, कारण आता कराराची गरज नव्हती. शेडमधली ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली.

त्या बाईने भर ऑफिसात खरं सांगितलं आणि मी, शिकलीसवरलेली, खोटं टाईप करून आणलं होतं. मला लाज वाटली. पण लाज वाटून मी काय केलं? काही नाही. फाईल बांधून कपाटात टाकली.

चार-पाच महिन्यांनी सावंत मूळ कागद न्यायला आले. शर्ट इस्त्रीचा नव्हता. मी विचारलं, वहिनी कशा आहेत?

"असतील बऱ्या," ते म्हणाले.

"असतील म्हणजे?"

"मी बोलत नाय तिच्याशी. सुनावणीपासून." ते अगदी साध्या सुरात सांगत होते, जसं कुणी पाणी कधी जातं ते सांगावं. "मी भिंतीशी बोलतो. म्हणजे मी म्हणतो, आमटीत मीठ कमी आहे. पण तिला म्हणत नाय. मग ती मीठ आणून ठेवते. तीपण काय बोलत नाय. दिलंन ते दिलंन, वर तिथे जाऊन सांगितलंन. गावाकडचे म्हणतात, बायकोने पेटंट लुटलं. चाळीतल्या बायका आता हिच्याकडे येत नाहीत, आपल्यामुळे झालं म्हणून. ह्या संक्रांतीला तिने कुणाला बोलावलं नाय. दार लावून बसली."

मला हसू आलं होतं, भिंतीचं ऐकून. ते घशातच राहिलं. पाच महिने एका खोलीत दोन माणसं गप्प, आणि त्यातल्या एकीने केलं काय होतं, तर नवऱ्याच्या हातचं कौतुक. दुसऱ्याला ते कळत होतं, आणि तरी रागवायला त्याच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. मी होते. मी समोर बसले होते, पण हे त्याला ठाऊक नव्हतं.

सांगायला भीती वाटली, हे कबूल करते. घाटकोपरात बातमी फिरायला वेळ लागत नाही. माझी सगळी गिऱ्हाईकं तोंडी शिफारशीने यायची. एक एजंट बाई, ती पण अशी, असं लोक म्हणाले असते. पण तो माणूस कागद पिशवीत घालून उठला, तेव्हा मी म्हटलं, "बसा." आणि फाईलमधली टाईप केलेली प्रत काढली. माझी टायपिस्ट प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घालत असे. ती तारीख त्यांना दाखवली. संक्रांतीच्या चार दिवस आधीची. मग पावती दाखवली.

"हे कागद तयार होते," मी म्हटलं. "सगळे. तेवीस दिवस माझ्या खणात पडून होते. अजून दोन अर्ज व्हायचे होते, म्हणून मी थांबले. एक फेरी वाचवायला. दुसऱ्या दिवशी गेले असते, तर वहिनींनी पन्नास काय, पाचशे चिमटे वाटले असते तरी काही बिघडलं नसतं."

त्यांनी दोन्ही तारखा बोटाने पाहिल्या. फिटर माणूस, मोजून पाहायची सवय. मग परत पाहिल्या. मला वाटलं आता ते टेबल उलटं करतील. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"हे तिला सांगा," ते म्हणाले. "तुम्ही येऊन सांगा. माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाय. आणि माझं तोंड पण..."

मी त्याच दिवशी त्यांच्याबरोबर गेले. भटवाडीचा चढ ते पुढे आणि मी मागे असे चढलो. खोलीत वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा, मी आधी बोलते. सावंत आत आले नाहीत, बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहिले, पाठ करून.

मी सगळं सांगितलं. यावेळी भरभर नाही. खण, कुलूपवाला, फेरी, मसाला डोसासुद्धा सांगितला, का ते माहीत नाही. प्रतिज्ञापत्रातलं ते वाक्य मी मुद्दाम पटकन वाचलं, हेही सांगितलं. वहिनी ऐकत होत्या आणि सुपातला एकच खडा बोटाने इकडून तिकडे ढकलत होत्या.

"म्हणजे," शेवटी त्या म्हणाल्या, "मी वाण दिलं, ते चुकलं नाही?"

"तुमच्या बाजूने नाही. माझ्यामुळे चुकलं."

"आणि इतके महिने मी रोज जेवताना..." त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि लगेच काढला. रडायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांनी दाराकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "अहो! ऐकलंत काय?"

मग सावंत वळून दारात आले.

"ऐकलां," ते म्हणाले. "बायो, ऐकलां मी."

वहिनी उठल्या. सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि माझ्याकडे वळल्या. "ह्यां आदी सांगूक काय झाला होतां तुमका?" त्यांनी सुरुवात केली. सावंत म्हणाले, "तर काय! माणसान भरवसो ठेवूचो तरी कोणावर?" मग ती, मग ते, मग परत ती. एकाचं वाक्य अर्धं राहिलं की दुसरा पुरं करायचा. मालवणी मला निम्मी कळते, त्यामुळे निम्मंच सांगता येईल, आणि तेही दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि पाऊण तास उठले नाही. कारण मी उठले असते, तर ते दोघं बोलायचे थांबले असते.